आबांचे मेसेज मी उडवले: ऊसबिल, वारणा आणि १६० अक्षरांची गोष्ट

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ‘भावा, घरच्यांना मोबाईल शिकवायच्या टिप्स सांग.’ सांगतो. पण आजच्या टिप्सना थोडा इतिहास आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करावी लागणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

मी बिद्रीचा. कोल्हापूरहून गारगोटीकडं जाताना लागतं ते. गावाचं नाव घेतलं की लोक आधी कारखानाच आठवतात. दूधगंगा-वेदगंगा हे लांबलचक नाव कुणी घेत नाही, नुसतं ‘बिद्री’ म्हटलं की साखर कारखाना. आमच्याकडं घरटी ऊस. त्यामुळं घरातल्या फोनमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय, तर रील्स नव्हेत, उसाच्या वजनाचे मेसेज. आमच्या भागात आता खेप काट्यावर गेली की टनेजचा एसएमएस येतो. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तीन हंगामांचे असे मेसेज जपून ठेवले होते. डायरी नाही, वही नाही. सगळं फोनमध्येच.

गेल्या दिवाळीत मी त्यांचा जुना, अडखळणारा फोन ‘नीट’ करायला घेतला. बीटेक झालेला नातू, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. फोटो कॉपी केले, नंबर गुगल अकाउंटला आहेत हे बघितलं आणि फॅक्टरी रिसेट मारला. रात्री आबा म्हणाले, ‘आरं, उसाचं मेसेज कुठं गेलं?’

गेले होते. एसएमएसचा बॅकअप चालू आहे का, हे मी बघितलंच नव्हतं. वजनाच्या कागदी पावत्या होत्या एका पिशवीत, पण त्या थर्मल कागदाच्या. उन्हानं आणि दिवसांनी निम्म्या पांढऱ्या पडलेल्या. आबा चिडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी धोतर-टोपी घालून शेती ऑफिसात गेले, नंबर लावून बसले आणि यादी घेऊन दुपारी परत आले. तिथल्या माणसांनी काढून दिली, काही अडचण आली नाही. पण जी खेप त्या एसएमएसनं वाचवली होती, ती मी त्यांना परत घालायला लावली.

हा हेलपाटा वाचवायचा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात पंचवीस वर्षांपूर्वी झाला होता, आणि तेव्हा सगळ्या देशाचं त्याकडं लक्ष होतं.

वारणेचे कॉम्प्युटर

१९९८ सालची गोष्ट. घरात कॉम्प्युटर असणं ही तेव्हा शहरातल्या मोजक्या लोकांची चैन. त्या वर्षी पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान टास्क फोर्सच्या पुढाकारानं ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणानगर म्हणजे आमच्यापासून कोल्हापूर ओलांडून पलीकडं, पन्हाळा तालुक्यात. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध संघ, कॉलेजं असा सगळा सहकाराचा पसारा तिथं आधीपासून होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सुमारे ७० गावं या प्रकल्पात घेतली. निम्मा पैसा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. तांत्रिक बाजूला नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर.

कल्पना मोठी होती. गावात बूथ, बूथवर कॉम्प्युटर, तो चालवायला एक माणूस. शेतकऱ्यानं यायचं आणि लागणीची नोंद, तोडणीचा नंबर, वजन, बिल, खताची उचल हे सगळं तिथंच विचारायचं. शिवाय बाजारभाव, शेतीचा सल्ला, आरोग्य, शिक्षण, सरकारी माहिती हेही तिथून मिळेल असं स्वप्न होतं.

प्रत्यक्षात काय टिकलं? ऊस. बाकीची स्वप्नं बाजूला पडली आणि बूथ मुख्यतः कारखान्याच्या कामासाठी वापरात राहिले. लोक याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपलं किती टन गेलं आणि पैसे किती झाले, ही माहिती शेतकऱ्याला खरोखर हवी होती, म्हणून ती टिकली. घरच्यांना फोन शिकवतानाही हेच लक्षात ठेवा. आजीला ‘फोन’ शिकवायला बसू नका. तिला नातवाचा व्हिडिओ कॉल हवा असेल तर तेवढंच एक शिकवा. एक काम जमलं की दुसरं ती स्वतःहून विचारते.

पण कॉम्प्युटरचं ओझं होतंच. गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, मशीन बिघडलं की दुरुस्तीला माणूस लांबून यायचा, आणि बूथ उघडा असेल तेव्हाच माहिती मिळायची. घरच्या कॉम्प्युटरला हे आजही लागू आहे. लोडशेडिंगच्या गावात यूपीएस ही चैन नाही. काम चालू असताना वीज गेली तर फाईलच काय, हार्ड डिस्कही खराब होऊ शकते. यूपीएसनं दहा मिनिटं दिली तरी पुरतात, तेवढ्यात सेव्ह करा आणि नीट शटडाउन करा.

कॉम्प्युटर गेला, एसएमएस आला

पुढं २००७ च्या आसपास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी वारणेत एक साधा प्रश्न विचारला: लोकांच्या खिशात मोबाईल येतोय, मग कॉम्प्युटर कशाला? त्यांनी प्रयोगाला नाव दिलं ‘वारणा अनवायर्ड’. सात गावं, आठ महिने. कारखान्याच्या बाजूला एका कॉम्प्युटरला एक मोबाईल जोडलेला. शेतकऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं एसएमएस करायचा, उत्तर डेटाबेसमधून एसएमएसनंच परत. बूथवरच्या कॉम्प्युटरवर जेवढी कामं व्हायची तेवढी सगळी एसएमएसवर झाली. स्वस्त पडलं, सोयीचं पडलं आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं.

हे फोन स्मार्टफोन नव्हते हं. बटणांचे, बोटभर स्क्रीनचे फोन. तरी त्यांनी कॉम्प्युटरला हरवलं, कारण माहिती आता बूथवर नव्हती, शेतकऱ्याच्या खिशात होती. बांधावर उभं राहून बघता येत होती.

माझ्या चुकीचं मोजमाप मला इथं कळलं. आबांच्या दृष्टीनं ते मेसेज म्हणजे पासबुक होतं, आणि मी ते ‘जंक’ समजलो. उसाच्या बिलाला कायद्याची मुदत आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मग कुठल्या तारखेला किती टन गेलं, हा पुरावा ज्याच्या हातात, त्याला विचारता येतं.

तर तीन कामं आजच करा.

एक. घरच्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये गुगलचा बॅकअप उघडा आणि त्यात एसएमएसचा बॅकअप होतोय का बघा. शेवटचा बॅकअप कधीचा आहे तेही बघा. फोन बदलताना किंवा रिसेट करताना हा बॅकअप सुरुवातीच्या सेटअपमध्येच परत घ्यायचा असतो. तिथं घाईत ‘स्किप’ दाबू नका.

दोन. थर्मल पावती हातात पडली की लगेच फोटो काढा. काट्याची, एटीएमची, पेट्रोल पंपाची, सगळ्या पावत्या उडतात.

तीन. महत्त्वाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवा आणि हंगाम संपला की एक प्रिंट. कागद अजून मेलेला नाही.

१६० आणि ७०

आता माझ्या आवडीचा भाग. जगातला पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना केलेला.

एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा का? फोन आणि टॉवर यांच्यात सतत ‘मी इथं आहे’ अशी छोटी देवाणघेवाण चालू असते. त्या वाटेनं जाणाऱ्या पाकिटात मजकुराला जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजीचं एक अक्षर ७ बिटचं धरलं की ११२० भागिले ७, बरोबर १६०.

पण त्या ७ बिटांत मराठी बसत नाही. देवनागरीला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६, उत्तर ७०. आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी, पायमोडका हलंत सगळं वेगळं मोजतात. ‘बिद्री’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात. फोन मोजतो सहा: ब, वेलांटी, द, हलंत, र, दुसरी वेलांटी. आबांसारख्या माणसाला मेसेज तुटक इंग्रजीत का येतात, त्याचं एक कारण मला या हिशोबात दिसतं. मराठीत पाठवायचं तर एका मेसेजचे दोन-तीन होतात आणि पाठवणाऱ्याचा खर्च वाढतो.

तुमच्यासाठी टिप: इंग्रजी एसएमएसमध्ये एक जरी इमोजी किंवा मराठी अक्षर घातलं तरी तो अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. पुरात, वादळात, नेटवर्क लंगडं असताना इंटरनेट चालत नाही, पण एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला फार थोडी जागा लागते. अशा वेळी मजकूर छोटा ठेवा. कुठं आहात, किती जण आहात, काय हवंय. एवढंच.

मराठी फोनमध्ये आली कशी

कॉम्प्युटरला भारतीय लिप्या शिकवण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढं गेलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्याच काळातला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती.

तरी डीटीपीच्या दुकानात वर्षानुवर्षं प्रत्येक फॉन्टचा कारभार वेगळा. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाईल खराब नसते, ती वाचायची किल्ली आपल्याकडं नसते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा नंबर जगभर एकच, म्हणून आज आपण व्हॉट्सॲपवर मराठी टाइप करतो आणि दुबईतल्या भावाला तसंच दिसतं.

टिप्स: कुठलाही अर्ज, बायोडाटा, मंडळाचा हिशोब युनिकोडमध्येच टाइप करा आणि पाठवताना पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाईल फेकू नका, कन्व्हर्टरनं ती युनिकोडमध्ये आणता येते. विंडोज कॉम्प्युटरवर सेटिंग्जच्या भाषा विभागात मराठी जोडा, मग विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी जोडून माइकचं बटण दाबा. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांना बोलणं जमतंच. आबांची कोल्हापुरी तो कधीकधी भलतीच लिहितो, पण निम्मं काम होतं.

खिशातली माहिती, खिशातला धोका

वारणेच्या बूथवर एक माणूस बसायचा. त्याचा हेलपाटा होता, पण त्याच्याकडं राखणही होती. आता मध्ये कुणी नाही. कारखान्याचा मेसेज आणि चोराचा मेसेज एकाच इनबॉक्समध्ये येतात. पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल येते, दंडाच्या चलनाच्या नावानं येते. ती इन्स्टॉल केली की तुमचे एसएमएस, म्हणजे तुमचे ओटीपी, दुसऱ्याच्या हातात.

म्हणून घरात एवढं पाठ करून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायची नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन द्यायला लागतो. बँकेच्या नावाचा मेसेज दहा आकडी साध्या नंबरवरून आला तर खोटा समजायचा. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा. जेवढा लवकर, तेवढी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

यंदाच्या हंगामात आबांच्या फोनचा बॅकअप चालू आहे. मी केलेला नाही, त्यांनी माझ्यासमोर स्वतः बटण दाबलं. शेजारी एक वहीपण आलीय, दोनशे पानी. पहिल्या पानावर तारीख, खेप, टन. मी विचारलं, ‘आबा, आता वही कशाला?’

म्हणाले, ‘तू परत दिवाळीला येणार न्हाईस व्हय?’

या रविवारी घरी असाल तर दहा मिनिटं काढा आणि आई-वडिलांचा फोन हातात घ्या. पण कशालाही हात लावायच्या आधी एवढं विचारा: ‘यातलं काय जाऊन चालणार नाही?’ काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.