जिताडा झडप का घालतो?

आमच्या पेणच्या खारेपाटात पाहुण्याला जिताडा वाढला की बोलणे चवीचे होते, नाहीतर भावाचे. तो गळाला का लागला, हे कोणी विचारत नाही. भूक लागली असेल, आणखी काय? पण नेमाने गळ टाकून बसणाऱ्या कोणालाही विचारा. समोर जिवंत कोळंबी नाचत असताना हा गृहस्थ ढिम्म बसून राहतो, आणि मग अचानक अशी झडप घालतो की काठी हातातून जाते. भुकेने सगळा उलगडा होत नाही.

प्रश्न तसा जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या पाककृतींबद्दल हल्ली बरेच लिहिले जाते, पण त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे गळाच्या मासेमारीवरचे एक प्रकरणही आहे. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, कोणाला पिठाचे गोळे चारायचे आणि कोणाला मांस, असा सगळा तपशील राजाने दिला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. राजेसाहेबांचे उत्तर सरळ होते : मासा जे खातो ते त्याला द्या.

इंग्रजांच्या फ्लाय फिशिंगने मात्र हे उत्तर अडचणीत आणले. तिथे गळाला खाण्याचे काहीच नसते. पीस, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी! मग मासा तोंड मारतो तो कशावर? फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ च्या आपल्या पुस्तकात हुबेहूब नकलेवर भर दिला. १९१० मध्ये स्क्यूज म्हणाला, पाण्यावरचे कसले बघता, ट्राउट बहुतेक खातो ते पाण्याखाली. पुढे कित्येक वर्षे या दोन पंथांचे भांडण चालले (आपल्याकडच्या शैव-वैष्णवांसारखे). आणि गंमत म्हणजे समुद्रातून नदीत परतणारा सामन मासा त्या काळात जवळजवळ काही खातच नाही, तरी कुठल्याही किड्यासारख्या न दिसणाऱ्या भडक माशीवर धावून येतो. तिथे भूकही नाही आणि नक्कलही नाही.

मला पटणारा उलगडा गळवाल्यांकडून आलाच नाही. निको टिनबर्गन हा डच शास्त्रज्ञ स्टिकलबॅक नावाच्या बोटभर माशावर प्रयोग करायचा. हुबेहूब माशासारखी, पण पोट लाल नसलेली प्रतिकृती टाकीत सोडली तर नर फारसे लक्ष देत नसत. ओबडधोबड तुकडा, पण खालून लाल, सोडला की तुटून पडत. ती झडप भुकेची नव्हती, हद्दीची होती. पण मुद्दा तोच : मासा अख्खी वस्तू पारखत बसत नाही, एखाद्या खुणेने पेटतो. याच तऱ्हेच्या कामासाठी टिनबर्गनला १९७३ चे नोबेल विभागून मिळाले.

जिताड्याची खूण हालचाल. तो पाठलाग करणारा मासा नव्हे, आडोशाला दबा धरणारा. जबडा उघडला की पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. तेवढ्यात विचार करायला वेळ कुठला? चेन्नईच्या सिबा या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले, त्यानंतर आपल्याकडे हॅचरीतले बी मिळू लागले. हे बी पाळणाऱ्यांना एक गोष्ट लगेच कळते : खाद्य बुडत असेपर्यंतच पिल्ले त्यावर तोंड टाकतात, तळाला पडलेल्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. आणि आकाराप्रमाणे वेगळी केली नाहीत तर मोठी पिल्ले धाकट्या भावंडांना गिळतात. समोर मावेल एवढे काही हलले, एवढेच त्यांना पुरते.

आता खारेपाटातली उघाडी बघा. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि आतले पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून बांधात झडपेची उघाडी. पेणकडच्या अशा शिलोत्री जमिनींची नोंद १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये आहे. सुकती लागली की उघाडीतून पाण्याचा लोट सुटतो. त्यात कोळंबी आणि बोयटाची पिल्ले कोलमडत बाहेर पडतात आणि जिताडा लोटाच्या कडेला, संथ पाण्यात उभा असतो. म्हणून माझा मामा आमिषापेक्षा तिथीची चौकशी जास्त करायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर पाणी ओढू लागले की निघायचे. हॅलफर्ड आणि स्क्यूज माशी कशी बांधावी यावर भांडत होते, मामाच्या लेखी गळाला काय लावले हे दुय्यम होते.

रोह्याकडे हे गणित निम्मेच चालते. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ पासून मुळशीचे पाणी कुंडलिकेत सोडते. एरवी हे पाणी बंगालच्या उपसागराला गेले असते. त्यामुळे कोलाडला नदी चढते ती विजेच्या गरजेनुसार आणि रोह्याच्या खाली, खाडीत, चंद्रानुसार. वरच्या अंगाला गळ टाकणाऱ्याला पंचांगाचा उपयोग नाही, केंद्रातून पाणी कधी सुटते ते माहीत हवे.

धरमतर खाडीच्या काठी बांध फुटून कित्येक शेते खारी झाली, तिथे आता खारफुटी माजली आहे. जिताडा तिथेही असेल, कदाचित जास्तच, कारण आडोसा वाढला. पण भरतीचे पाणी आता सगळीकडून आत येते आणि सगळीकडून ओसरते. नेमका कुठे उभा राहत असेल तो, हे मामाच्या मुलाला विचारले, तर म्हणाला, "दादा, आता तळ्यातलाच काढतो आम्ही. जाळ्याने."