सीताफळाची बासुंदी: आपल्या जंगलातून आपल्या वाटीत



दसरा जवळ आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर जागोजागी बाया टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतात. टोपलीत सीताफळं, त्यावर पळसाची पानं. बस थांबली की उठायचं, खिडकीपाशी जायचं, सांगितलेल्या भावातून चार पैसे कमी करून टोपली रिकामी करायची. संध्याकाळ झाली आणि फळ उरलं की भाव आणखी उतरतो. सीताफळ थांबत नाही. आज डोळे उघडले की दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं. हे व्यापाऱ्याला माहीत असतं आणि आपल्यालाही.

आमच्या गटाच्या बैठकीत एकदा हिशेब चालला होता. तेव्हा एका ताईने सहज विचारलं, "आपण इतकी सीताफळं विकतो, पण सीताफळाची थंड बासुंदी खाल्ली कोणी?" बारा जणींपैकी दोघींनी हात वर केला. दोघींनीही ती शहरातल्या लग्नात खाल्ली होती. आम्ही हसलो. मग मात्र गप्प झालो. फळ आपलं, तोडायचं कष्ट आपलं, आणि वाटी दुसऱ्याची, हे असं कसं झालं? त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही घरातल्या आज्यांना विचारलं, शिकणाऱ्या मुलींना वाचायला लावलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो. शेवटी बासुंदीची रीतही सांगू.

पहिल्यांदा फळाचं पाहू. सीताफळ आपल्या जंगलात, धुऱ्यावर, पडक्या भिंतीजवळ आपोआप उगवतं. त्याला ना खत लागतं ना पाणी. जनावरंही त्याचा पाला खात नाहीत. त्यामुळे ते इथलंच, रामायणापासूनचं, असं आपल्याला वाटतं. नावही सीतेचं. पण बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात की या झाडाचं मूळ अमेरिका खंडातलं आहे आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांमधून ते भारतात आलं. मिरची, पेरू, काजू, पपई हीसुद्धा त्याच खंडातली. काही अभ्यासकांना मध्य प्रदेशातल्या भरहूतच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी कोरीवकामात सीताफळासारखं फळ दिसतं, म्हणून तो वाद अजून मिटलेला नाही. काही असो, पाहुणं म्हणून आलं असेल तरी आता ते घरचंच झालं आहे. इंग्रजांना याचा गर त्यांच्या कस्टर्डसारखा लागला. कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक शिजवून केलेली दाट खीर. म्हणून त्यांनी फळाला नावच दिलं कस्टर्ड अॅपल. म्हणजे आपण जे फळ झाडाखाली बसून खात होतो, त्यात त्यांना त्यांच्या जेवणाचा शेवटचा गोड पदार्थ दिसला.

लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे जे फ्रूट सॅलड मिळतं, त्याची पिवळी पूडही इंग्लंडमधूनच आलेली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. म्हणून त्याने 1837 साली अंड्याऐवजी मक्याचं पीठ घालून कस्टर्ड बनवलं. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या विकफील्ड कंपनीने 1956 पासून असे पदार्थ काढायला सुरुवात केली आणि कस्टर्डचा पिवळा डबा किराणा दुकानात पोचला. एका आजारी बाईच्या सोयीसाठी शोधलेली पूड आज आपल्या गावच्या लग्नात ढवळली जाते. मात्र सीताफळाला या पुडीची गरज नाही. त्याचा गर मुळातच दाट आहे.

दुसरी गोष्ट दुधाची. बासुंदीला लिटरभर दूध आटवावं लागतं. आमच्या गटातल्या एका माडिया आजीने सांगितलं, "आम्ही लहान असताना गाईचं दूध काढत नव्हतो. दूध वासराचं." भामरागड, एटापल्लीकडच्या कित्येक गोंड-माडिया वस्त्यांमध्ये हीच रीत होती. गाय-बैल धानाच्या चिखलासाठी आणि शेणखतासाठी. आपल्याकडची कठाणी नावाची जनावरं, गडचिरोलीतल्या कठाणी नदीवरून नाव पडलेली, अंगाने लहान आणि काटक. बैल चिखलात उत्तम चालतात, पण गाईचं दूध बेताचंच. वासराचं पोट भरलं की मग घरातल्या लेकराचा नंबर. अशा घरात दूध आटवून निम्मं करायचं म्हटलं तर ती उधळपट्टीच वाटली असती. म्हणून आपल्या आज्यांना बासुंदी येत नव्हती असं म्हणणं चुकीचं आहे. त्यांनी दूध जिथे हवं तिथे ठेवलं. पश्चिम महाराष्ट्रात, कृष्णाकाठी, म्हशी आणि ऊस दोन्ही भरपूर. तिथे कुरुंदवाडची बासुंदी नावाजली. ज्या गावात जे जास्त, त्याचा पदार्थ होतो. आपल्याकडे मोहफूल जास्त, तर आपण मोहाचे लाडू, भाकरी, राब केली.

तिसरी गोष्ट गारव्याची, आणि ही सगळ्यात मोठी. चंद्रपूरचा उन्हाळा 47 अंशांपर्यंत जातो हे तुम्हाला रेडिओवर सांगायची गरज नाही. अशा मुलखात थंड गोड पदार्थ हा कायम श्रीमंताचा पदार्थ राहिला. अकबर बादशहाच्या काळी सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करत आणि लाहोरला डोंगरावरचा बर्फ येई, असं आईन-इ-अकबरीत लिहिलेलं आहे. पुढे 1833 साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून जहाजात भरला आणि कलकत्त्याला आणला. सुमारे 180 टन निघाला, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे 100 टन पोचला. तो टिकला कशाने? लाकडाच्या भुशाने. आपल्या गोळेवाल्याच्या पेटीत बर्फाची लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली असते ना, तेच तंत्र. पुढच्याच वर्षी मुंबईत असा बर्फ उतरला आणि सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. त्यानंतर यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, असं सांगतात.

आपल्या जिल्ह्यांत गारवा फार उशिरा आला. कोळसा इथला. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातली. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 1983-84 पासून सुरू झालं आणि राज्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक झालं. त्या विजेवर दूरच्या शहरांत फ्रीज चालू झाले. पण जंगलातल्या आपल्या वाड्यांमध्ये त्यानंतरही कित्येक वर्षं कंदीलच होता. आजही पावसाळ्यात लाईन गेली की दोन-दोन दिवस येत नाही. म्हणजे गारवा बनवणारा कोळसा आपला, फळ आपलं, आणि थंड वाटी तिकडची.

चौथी गोष्ट ऐकून आमच्या गटातल्या बायांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ती चारोळीची. बासुंदी, श्रीखंड, खीर, कुठल्याही गोडावर शहरात चारोळी पेरतात. ती येते कुठून? आपल्या चाराच्या झाडावरून. उन्हाळ्यात चारं पिकतात. आपण ती वेचतो, पाण्यात चोळून साल काढतो, वाळवतो, जात्यावर हलक्या हाताने फोडतो आणि आतला दाणा पाखडून वेगळा करतो. आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये पूर्वी व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी नेत असत. मीठ जंगलात होत नाही आणि मिठावाचून भागत नाही, म्हणून माणसं देत. 2013-14 साली केंद्र सरकारने गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत द्यायची योजना आणली, त्या यादीत चारोळीचं बी होतं. त्याआधी 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली, आणि 2009 साली आपल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. कागदावर मालकी आली. पण घाईत कच्ची चारं ओरबाडली, फांद्या तोडल्या, तर पुढच्या वर्षी मालक कशाचं व्हायचं? झाड वाचलं तरच हक्काला अर्थ आहे. चारं पिकू द्या, फांदी तोडू नका, हे आम्ही गटात ठरवून घेतलं आहे.

आता आमची पहिली बासुंदी. ती कडू झाली! दोन लिटर दूध, साखर, डझनभर फळांचा गर, सगळं वाया. आम्ही गर उकळत्या दुधात घालून चांगला शिजवला होता. नंतर समजलं की सीताफळाचा गर जास्त तापवला की कडवट होतो. दुसऱ्यांदा आम्ही दूध पूर्ण गार होऊ दिलं. तेव्हा जमली. म्हणून ही रीत नीट ऐका.

एक लिटर म्हशीचं किंवा सायीचं दूध जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. सतत हलवत राहा, कडेची साय खरवडून आत सोडा. दूध निम्मं झालं की चार चमचे साखर घाला, पाच मिनिटं उकळा, उतरवा. चिमूटभर वेलची आणि चमचाभर चारोळी घाला. आता हे भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. तोवर दोन-तीन मोठी, पूर्ण पिकलेली सीताफळं फोडा. गर पुरणाच्या चाळणीवर घेऊन हाताने किंवा लाकडी चमच्याने हळू चोळा. बी चाळणीत राहील, गर खाली पडेल. साधारण एक वाटी गर निघतो. तो गार झालेल्या दुधात मिसळा. गर काढून उघडा ठेवू नका, तो काळा पडतो. पाच-सहा वाट्या होतात.

बियांबद्दल एक महत्त्वाचं. गर मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, बी विषारी असतं. उवा मारायला बियांची पूड डोक्याला लावायची पद्धत आपल्याकडे आहे. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. लेकरांच्या डोक्याला लावूच नका.

फ्रीज असेल तर दोन-तीन तास ठेवा. नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, त्यात झाकणाचं लहान भांडं बसवा, वर ओलं फडकं टाका आणि वाऱ्याच्या सावलीत ठेवा. नायजेरिया देशातल्या मोहम्मद बा अब्बा नावाच्या शिक्षकाने 1990 च्या दशकात भाजीपाला टिकवायला अशी मडक्यात मडकी हजारो घरांत पोचवली. पाणी उडून जाताना गारवा येतो, आपल्या रांजणासारखंच. हवा कोरडी असेल तेव्हाच ते चांगलं चालतं. पण लक्षात ठेवा, हा फ्रीज नाही. दुधाचा पदार्थ यात फार तर दोन तास ठेवायचा आणि लगेच संपवायचा. रात्रभर ठेवून सकाळी लेकरांना देऊ नका.

आता विक्रीचं. शहरात फळ नासायच्या भीतीने कोणी घाई करत नाही, कारण तिथे गर काढून गोठवून ठेवतात. उणे 18 अंशांच्या खाली तो महिनोन्महिने टिकतो. तोच गर उन्हाळ्यात आइस्क्रीममध्ये, रबडीत जातो. मुंबईत 1984 साली एका लहान दुकानातून सुरू झालेल्या नॅचरल्सचं सीताफळ आइस्क्रीम आज देशभर ओळखलं जातं. एका घराला डीप फ्रीजर परवडत नाही, पण चार-पाच गट मिळून, ग्रामसंघाकडून कर्ज घेऊन, जिथे वीज बऱ्यापैकी टिकते अशा मोठ्या गावात एक घेता येतो. त्याला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, स्वच्छ जागा लागते, हातमोजे लागतात. आमचा गट अजून तिथवर पोचलेला नाही. आम्ही सध्या एवढंच केलं आहे की डोळे उघडलेलं चांगलं फळ वेगळं काढतो, सगळ्याजणी एकच भाव सांगतो, आणि संध्याकाळी उरलेलं फळ मातीमोल देत नाही. त्याचा गर काढतो आणि घरी नेतो.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. रात्री नाटक, दिवसा पाहुणे. मागच्या मंडईला आमच्यातल्या एकीकडे नागपूरहून नणंद आली होती. तिच्यासमोर वाटी ठेवली. तिने चाखून विचारलं, "कुठून आणली?" आमची ताई म्हणाली, "मागच्या टेकडीवरून." ती माडिया आजीही तिथेच होती. तिने वाटी संपवली आणि पहिला प्रश्न केला, "वासराला ठेवलं ना दूध?" ठेवलं होतं.

तर मैत्रिणींनो, यंदा टोपली बाजारात नेण्याआधी चार फळं घरात काढून ठेवा. विकायचं आहेच. पण पहिली वाटी आपल्या लेकरांची आणि आपली.