कॉर्डरॉयच्या चिंध्या: अलाबामातील ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’

१९७२ साली सिअर्स या बलाढ्य अमेरिकी विक्रेत्या कंपनीने अलाबामा राज्यातल्या एका लहानशा सहकारी संस्थेला उशांचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. कापड कॉर्डरॉयचे, उभ्या रेघांचे, जाड. रंग ठरलेले, मापे ठरलेली, शिवणही ठरलेली. शिवणाऱ्या स्त्रिया कृष्णवर्णीय, बहुतेक शेतकरी वा कुळांच्या घरच्या. कापून उरलेल्या चिंध्या त्या घरी नेत आणि त्यांच्या गोधड्या करीत. तीस वर्षांनी तशा गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर टांगल्या गेल्या. अभ्रे अर्थातच उशांवर गेले.

आजचा धागा त्या संस्थेविषयी आहे. नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. तिचे सभासद होणे म्हणजे नेमके काय होते, त्यातून काय मिळे आणि त्यासाठी काय दाराबाहेर ठेवून यावे लागे, हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

आधी शब्दांविषयी. ‘क्विल्ट’ म्हणजे ढोबळमानाने आपली गोधडी. वर तुकडे जोडून केलेला पदर, खाली अस्तर, मध्ये भर आणि तिन्ही थरांना धरून ठेवणारा धावदोरा. आपल्याकडे मध्ये जुनी लुगडी, धोतरे जातात. अलाबामात कापूस जाई, कारण तो मुलूखच कापसाचा. ‘बी’ हा शब्द मधमाशीपुरता नाही. एकट्या घराला न आवरणारे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून उरकायचे, त्या जमण्याला अमेरिकेत ‘बी’ म्हणत. शेतीतली इर्जिक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

या कामाचे दोन भाग होते आणि पुढची सारी गोष्ट त्या दोन भागांतील फरकावर उभी आहे. वरचा पदर जोडणे हे एकटीचे काम. कोणता तुकडा कुठे, लाल पट्टीशेजारी निळी की करडी, हे जिची गोधडी तीच ठरवी. पदर तयार झाला की तो चौकटीवर ताणायचा आणि मग चौघीजणींनी भोवती बसून टाके घालायचे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. टाके घालताना गाणी म्हटली जात, बहुधा देवाची. म्हणजे नजर ज्याची त्याची आणि श्रम सर्वांचे. संस्था निघण्याच्या कितीतरी आधीपासून ही रीत चालत आली होती.

आता प्रदेश. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले ‘गीज बेंड’ नावाचे खेडे आहे. जिल्हा, म्हणजे तिकडची काउंटी, विलकॉक्स. १८४५ च्या सुमारास मार्क पेटवे नावाच्या मळेवाल्याकडे ही जमीन आली. तो नॉर्थ कॅरोलायनाहून आपल्या सुमारे शंभर गुलामांना पायी चालवत इथे घेऊन आला. गुलामगिरी संपली तरी मालकाचे आडनाव तसेच राहिले. आजही गावात निम्म्याहून अधिक लोक पेटवे असावेत असे वाटते. एकमेकींशी रक्ताचे नाते नसलेल्या पेटवे आडनावाच्या स्त्रिया या इतिहासात वारंवार भेटतात, म्हणून ही सूचना.

मुक्त झालेले गुलाम तिथेच कुळे म्हणून राबत राहिले. कापसाचा भाव कोसळला तसे कर्ज वाढले. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेने वसुलीसाठी माणसे पाठवली. त्यांनी गुरे, नांगर, गाड्या, साठवलेले धान्य, सारे उचलून नेले. तो हिवाळा रेड क्रॉसच्या मदतीवर निघाला. दख्खनच्या सावकारी जप्त्यांविषयी आपण वाचतो, तेच चित्र, फक्त नदी वेगळी.

यानंतर मात्र इतिहासाला एक अनपेक्षित वळण लागले. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणाखाली केंद्र सरकारने १९३७ मध्ये मळ्याची जमीन विकत घेतली, तिथे नवी घरे बांधली आणि १९४० च्या दशकात ती जमीन व घरे हलक्या व्याजाच्या कर्जाने त्याच कुळांना विकली. गीज बेंडची माणसे जमीनमालक झाली. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा ज्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती तेच उभे राहू शकले.

त्या काळातली एक गोधडी आज प्रसिद्ध आहे. मिझूरी पेटवे यांनी पती वारल्यावर, १९४२ मध्ये, त्यांच्या कामाच्या विटक्या कपड्यांची ती केली. पांघरून त्यांची आठवण जवळ ठेवावी, एवढाच हेतू. घामाने आणि धुण्याने पांढुरका पडलेला निळा रंग, गुडघ्यापाशी न विटलेले गडद चौकोन. त्या गोधडीला ना ठरावीक नमुना होता, ना गिऱ्हाईक.

१९६५. विलकॉक्स काउंटीत कृष्णवर्णीयांचे मोठे बहुमत, परंतु वर्षाच्या आरंभी मतदारयादीत त्यांच्यापैकी एकही नाव नाही. नाव नोंदवायचे तर कॅमडेनला, काउंटीच्या मुख्य गावी जायचे. ते नदीपलीकडे समोरच होते. पण काउंटीने तर १९६२ मध्येच बंद केली होती आणि रस्त्याने वळसा सुमारे ४० मैलांचा. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गीज बेंडला येऊन गेले. लोक कॅमडेनला जाऊ लागले. गीज बेंडबाहेरच्या वाड्यावस्त्यांवर, जिथे जमीन गोऱ्या मालकाची होती, तिथे नाव नोंदवणाऱ्या कुळाला घर खाली करण्याचा निरोप येई.

या छळाच्या जबान्या गोळा करीत त्या डिसेंबरमध्ये फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक गोरे धर्मोपदेशक फिरत होते. पॉसम बेंड भागात एका घराबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांना दिसल्या आणि ते थबकले. अनोळखी गोरा माणूस दारात पाहून घरची बाई मागच्या रानात निघून गेली. संस्थेच्या उगमकथेत हा प्रसंग बहुधा गमतीने सांगितला जातो. मला तो गमतीचा वाटत नाही. त्या काउंटीत गोरा माणूस न बोलावता दारी येणे याचा अर्थ त्या बाईला अनुभवाने ठाऊक होता.

वॉल्टर यांच्यापाशी अनुदानाचे ७०० डॉलर होते. त्यांनी एकेक गोधडी दहा डॉलरला विकत घेण्यास आरंभ केला आणि त्यांचा लिलाव न्यूयॉर्कला करण्याचे ठरवले. मार्च १९६६ च्या अखेरीस तो लिलाव झाला. त्याच सुमारास कॅमडेनच्या अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चमध्ये ६० हून अधिक स्त्रिया जमल्या आणि सहकारी संस्था स्थापन झाली. नावात ‘फ्रीडम’ हा शब्द त्या काउंटीत, त्या वर्षी घालणे हीच मोठी हिंमत होती. पुढे दीर्घकाळ तिची व्यवस्था एस्टेल विदरस्पून यांनी पाहिली. मताधिकार चळवळीतून आलेल्या या बाईंनी हिशेब, मागण्या, पत्रव्यवहार आणि शंभर स्वभाव एकाच वेळी सांभाळले. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला जो कधी बसला आहे, त्याला यातले शेवटचे काम किती अवघड ते कळेल.

न्यूयॉर्कला गोधड्या आवडल्या. गृहसजावटकार सिस्टर पॅरिश यांनी मागणी नोंदवली, ‘व्होग’ मासिकात त्या झळकल्या, चित्रकार ली क्रॅस्नर स्वतः अलाबामात येऊन गोधड्या घेऊन गेल्या. मग ब्लूमिंगडेल्स हे मोठे दुकान आले आणि अडचणही आली. दुकानाला एकसारखा माल हवा असतो. कालच्या गिऱ्हाइकाने पाहिली तीच गोधडी, त्याच मापाची, त्याच रंगाची आज मिळायला हवी. म्हणून नमुने निवडण्यात आले: ‘अस्वलाचा पंजा’, ‘आजीचे स्वप्न’ असे जुने, सर्वांना ठाऊक असलेले, काटेकोर भूमितीचे. कापड नवे व जुळते. टाके बारीक आणि समान अंतराचे.

सभासद होण्याची किंमत इथे येते. जिची नजर आयुष्यभर ‘माझ्या मनाला येईल तसे’ या एकाच नियमाने चालली, तिला आता आखलेल्या नमुन्यावर बसायचे होते. धावदोरा वाकडा गेला तर उसवायचा. घरी जे तिचे कौशल्य होते, ते इथे दोष ठरू शके. वर सांगितलेल्या दोन भागांपैकी पहिला, एकटीचा भाग, संस्थेने जवळजवळ काढून घेतला. दुसरा, चौकटीभोवती जमण्याचा, तेवढा ठेवला.

कलेचे काही अभ्यासक या टप्प्याकडे किंचित नाराजीने पाहतात: बाजाराने उत्स्फूर्तता मारली, वगैरे. मला हे मत अर्धेच पटते. ‘उत्स्फूर्त’ गोधडीने मिझूरी पेटवे यांच्या घरी ऊब आली, पण हातात रोख पैसा आला नव्हता. ज्या बायांना शेतात दिवसभर राबून तुटपुंजी मजुरी मिळे आणि तीही मालकाच्या मर्जीवर, त्यांना आपल्या नावाने पैसा मिळू लागला. काउंटीतला कोणताही गोरा मालक तो अडवू शकत नव्हता, कारण तो न्यूयॉर्कहून येत होता. सरळ धावदोरा ही त्या स्वातंत्र्याची फी होती. अनेकींनी ती जाणूनबुजून भरली, असेच मला वाटते.

आणि संस्थेने त्या पैशाचे काय केले ते पाहावे. तिने २३ एकर जमीन विकत घेतली. तिच्यातले आठ भूखंड मतदारनोंदणी केल्यामुळे घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना विकले. उरलेल्या जागेत १९६९ मध्ये किंग यांच्या नावाने शिवणकेंद्र उभे राहिले. पुढे पाळणाघर आले. गोधडीच्या विक्रीतून कुळाला घराची जागा: न्यू डीलने १९४० च्या दशकात जे गीज बेंडसाठी केले, ते या बायांनी लहान प्रमाणात शेजाऱ्यांसाठी स्वतः केले. संस्थेविषयी लिहिताना लोक ‘व्होग’चा उल्लेख आवर्जून करतात, या आठ भूखंडांचा क्वचितच. माझ्या मते क्रम उलटा हवा.

आता पुन्हा सिअर्सकडे. गोधडीची मागणी चढउताराची असते, अभ्र्यांची नियमित. म्हणून कॉर्डरॉयचे ते कंत्राट संस्थेला मोलाचे होते. काम मात्र नीरस. त्यात निवडीला जागाच नाही. पण कातरकामात पट्ट्या उरतात. सोनेरी पिवळ्या, लाल, अव्होकाडोच्या हिरव्या रंगाच्या. हे जाड कापड नाजूक नमुन्यात बसत नाही. त्याला मोठे तुकडे आणि रुंद पट्ट्याच शोभतात. घरोघरी तो ढीग पोहोचला आणि १९७० च्या दशकात गीज बेंडमध्ये कॉर्डरॉयच्या भव्य, ठसठशीत गोधड्यांचे जणू पर्वच सुरू झाले. दिवसा कंत्राटाच्या मापात बसलेल्या हातांना रात्री कुणी माप विचारत नव्हते. संस्थेने काढून घेतलेला ‘एकटीचा भाग’ तिच्याच चिंध्यांतून मागील दाराने घरी परतला होता.

पुढचे बहुतेकांना ठाऊक असेल. ॲनी मे यंग यांची १९७६ ची, कामाचे कपडे व कॉर्डरॉय जोडून केलेली गोधडी एका पुस्तकात छापलेली पाहून संग्राहक विल्यम आर्नेट गावात पोहोचले. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि नंतर व्हिटनीत प्रदर्शन भरले, समीक्षकांनी मातीस आणि क्ली यांची नावे घेतली, २००६ मध्ये टपाल तिकिटे निघाली. त्याच वर्षी नदीवरची तरही, ४४ वर्षांनी, पुन्हा सुरू झाली. काही कलाकारांनी हक्क व मोबदल्यावरून २००७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

या साऱ्या गौरवात ‘बी’ मात्र बाजूला पडली. संग्रहालयाला एकटीची नजर हवी होती. ‘बी’ने तीच मालातून वगळून घरे उभी केली होती. संस्थापक सभासद वृद्ध होत एकेक गेल्या आणि २०१२ मध्ये संस्था बंद झाली. गीज बेंडच्या काही स्त्रिया आज इंटरनेटवरून थेट गोधड्या विकतात. नाव प्रत्येकीचे स्वतःचे, नमुनाही तिचाच. पदर पूर्ण झाला की चौकटीभोवती बसायला शेजारणी अजूनही येतात.