त्वचेच्या वाटेनें

फ्रान्समध्यें १९७२ सालीं कित्येक तान्ह्या मुलांना एक विलक्षण दुखणें जडलें. प्रथम बाळोत्याच्या जागेवरील कातडी लालभडक होऊन सोलवटे. मग मुलास ग्लानि येई, आंकडी येई व हातपाय लुळे पडत. अशीं लक्षणें पाहून मेंदूच्या ज्वराची शंका येणें साहजिकच होतें. विष शोधावयाचें तर तें दुधांत किंवा पाण्यांत. अंगाला लावण्याच्या पांढऱ्याशुभ्र पावडरींत तें कोण शोधील? परंतु तें तेथेंच होतें. कारखान्यांतील चुकीनें त्या पावडरींत हेक्झाक्लोरोफीन नांवाचें जंतुनाशक शेंकडा सहांहून अधिक प्रमाणांत मिसळलें गेलें होतें. २०४ मुलें आजारी पडलीं. त्यांपैकीं ३६ दगावलीं. अंगावर लाली दिसली कीं आई तीच पावडर अधिक लावणार, हा यांतील सर्वांत करुण भाग!

हें द्रव्य कांहीं अपरिचित विष नव्हे. प्रसूतिगृहांत नवजात मुलांना पुवाचे फोड आणणारे जंतु सतावीत. त्यांच्या निवारणार्थ शेंकडा तीन हेक्झाक्लोरोफीन असलेल्या द्रावानें मुलांना न्हाऊं घालण्याची पद्धत अमेरिकेंत कित्येक वर्षें रूढ होती, व तिचा गुणहि येई. पुढें प्रयोगांतील उंदरांच्या मेंदूंत या द्रव्यानें पोकळ्या पडलेल्या आढळल्या. डिसेंबर १९७१ मध्यें तेथील औषधखात्यानें हें स्नान बंद करण्याचा सल्ला दिला. तों कांहीं प्रसूतिगृहांत ते फोड पुन्हां दिसूं लागले, आणि डॉक्टरमंडळींत वाद माजला. दोन्ही पक्ष मुलांच्याच हिताचें बोलत होते. फ्रान्समधील मृत्यूंनंतर, सप्टेंबर १९७२ मध्यें, अमेरिकेनें या द्रव्यावर कडक निर्बंध घातले.

मोठ्या माणसाला जें सोसतें तें तान्ह्याला कां सोसूं नये? वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचें क्षेत्र मोठें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची त्वचा तर फारच पातळ. त्यांत ती सोलवटलेली व ओल्या बाळोत्याखालीं झांकलेली असली, म्हणजे द्रव्य सरळ रक्तांत उतरतें. वैद्यकाला ही गोष्ट नवी नव्हती. इंग्लंडांत १८८६ सालींच, बाळोत्यांवरील ॲनिलीन रंगाच्या ठशांमुळें नवजात मुलें निळीं पडल्याची नोंद झालेली होती.

१९८१ सालीं व्हिएटनाममधील हो चि मिन्ह नगरांत, म्हणजे पूर्वींच्या सायगांवांत, पुन्हां बाळांची पावडरच घातक ठरली. या खेपेस तींत वॉरफरिन हें उंदीर मारण्यासाठीं वापरलें जाणारें, रक्त गोठूं न देणारें द्रव्य होतें. ७४१ मुलांना रक्तस्राव झाला. त्यांतलीं १७७ गेलीं.