एक मन, दोन फायली

स्त्रीवरील हिंसेच्या कायद्यांचा इतिहास सांगताना आपण अंगावरचे वळ मोजतो. कायद्याने तिच्या मनाची नोंद कशी घेतली, हे क्वचितच पाहिले जाते.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात बरे न होणारे वेड हे घटस्फोटाचे एक कारण होते. १९७६च्या दुरुस्तीने त्यात मानसिक विकारही आला. तरतूद नवरा-बायको दोघांसाठी. पण ‘तुला वेडी ठरवीन’ ही धमकी बायकांच्या ओळखीची. पुढे १९८३ साली दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि क्रूरतेच्या व्याख्येत शरीराबरोबर मनाच्या आरोग्याचीही गणना झाली.

पेच इथेच आहे. झोप उडालेली बाई मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली, तर तीच चिठ्ठी एका फायलीत छळाचा पुरावा आणि दुसरीत तिच्याविरुद्धचे हत्यार होऊ शकते. म्हणून ती उपचार टाळते. मग साक्ष देताना तारखा विसरते आणि खोटी ठरते.

आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने भावनिक छळाची दखल घेतली आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले. ताटकळणे हीही इजाच, हे त्या आकड्यात गृहीत आहे.

ही वाक्ये रोजच्या उलटतपासणीत किती उतरली, हे निकालपत्रांत दिसत नाही. ते तिथे बसूनच पाहावे लागेल.