कुरळ्या केसांवर फ्रिंज: साधना कटपासून अजिंठ्यापर्यंत

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जिथे मी भरकटले होते, तो भाग इथे छाटलाय.

आजचा प्रश्न साधा आहे. केस जन्मजात कुरळे असतील तर कपाळावर फ्रिंज शोभते का?

हा प्रश्न इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये कशाला, असं वाटेल. पण तो विचारताना आपल्या डोळ्यांसमोर फ्रिंजचं एक ठरलेलं चित्र असतं: सरळ, पट्टीनं आखल्यासारखी, भुवयांच्या वर थांबणारी. हे चित्र आलं कुठून? आणि ते येण्याआधी लोक कपाळावर काय मिरवत होते? ते कळलं की 'शोभते का' याचं उत्तर बरंच सोपं होतं.

सुरुवात आपल्या घरातल्या शब्दापासून करू. साधना कट.

१९६० साली 'लव्ह इन शिमला' आला. दिग्दर्शक आर. के. नय्यर, नायिका साधना शिवदासानी. कराचीत जन्मलेली, फाळणीनंतर मुंबईत आलेल्या सिंधी कुटुंबातली मुलगी. तिचं कपाळ रुंद होतं आणि कॅमेऱ्यात ते आणखी रुंद दिसायचं. आधी केसांच्या रेषेवर एक पट्टी चिकटवून कपाळ लहान दाखवायचा प्रयत्न झाला, पण तो जमला नाही. मग नय्यर यांना ऑड्री हेपबर्न आठवली. 'रोमन हॉलिडे' या १९५३ च्या सिनेमात राजकन्या रोममधल्या एका न्हाव्याच्या खुर्चीत बसून लांब केस कापून टाकते आणि कपाळावर छोटी फ्रिंज घेऊन बाहेर पडते. तोच उपाय साधनाला केला. गंमत म्हणजे 'लव्ह इन शिमला'ची गोष्टसुद्धा एका साध्यासुध्या, चष्मा लावणाऱ्या मुलीचा कायापालट होण्याची आहे. त्यामुळे तो कट पडद्यावर निव्वळ केशरचना म्हणून आला नाही. 'केस कापले की नशीब पालटतं' असं वचन घेऊनच तो आला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गावोगावच्या मुलींनी साधना कट मागितला. आजही एखादी आजी नातीचे पुढचे केस बघून म्हणते, "अगं, साधना कट केलास की काय?"

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रिंज का केली, तर कपाळ रुंद होतं म्हणून. ती जमली का, तर केस त्या आकारात बसणारे होते म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मासिकातले सल्ले पहिल्या गोष्टीवर अडकतात: चेहरा गोल असेल तर असं, लांब असेल तर तसं. कुरळ्या केसांच्या मुलीचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीत असतो.

माझ्या थोरल्या आत्याचं उदाहरण देते. आमच्या घरातले कुरळे केस तिच्याकडूनच माझ्यापर्यंत आलेत. साताऱ्यात शाळेत असताना तिनं शेजारच्या ताईकडून साधना कट करून घेतला होता. केस ओले केले, पुढे विंचरले, भुवयांच्या रेषेत कात्री चालवली. आरशात अगदी साधना! अर्ध्या तासानं केस वाळले आणि फ्रिंज सरसर वर चढत कपाळाच्या मध्यावर जाऊन बसली. "गुंडाळलेल्या पडद्यासारखी," असं ती अजून हसत सांगते. पुढचे काही महिने आजीनं तिच्या कपाळावर चापाच्या पिना लावून दिवस काढले.

यात शेजारच्या ताईचा हात वाईट नव्हता. हे केसांचं विज्ञान आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यात दोन प्रकारचे बंध आपल्या कामाचे. एक गंधकाचे, म्हणजे डायसल्फाइड बंध. हे पक्के, पाण्यानं तुटत नाहीत. दुसरे हायड्रोजन बंध. हे एकेकटे कमजोर, पण संख्येनं प्रचंड. पाणी लागलं की सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. केस कुरळा होणार की सरळ, हे मुळात त्वचेखालच्या केसपुटात ठरतं. ओला कुरळा केस त्याच्याच वजनानं खाली ओढला जातो आणि लांब दिसतो. वाळताना तो मूळ वळणावर परत जातो, म्हणजेच आखडतो.

किती आखडतो, ते घरी मोजता येतं. मी मोजलं. कपाळाजवळची एक बट ओली करून ताणली तर १६ सेंटिमीटर भरली. वाळल्यावर तीच ११. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गायब. हा आकडा माझ्या केसांचा आहे, तुमचा वेगळा येईल. डोक्याच्या मागच्या भागात मोजलात तर आणखी वेगळा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ओल्या केसावर कात्री चालवणं म्हणजे टेस्टिंगच्या डेटावर निर्णय घेऊन थेट प्रॉडक्शनला सोडणं.

आता इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण तिथे हे सगळं उलटं होतं.

१८८० च्या दशकातलं लंडन. फॅशनचा शेवटचा शब्द म्हणजे वेल्सची राजकन्या अलेक्झांड्रा, पुढे १९०१ मध्ये राणी झाली ती. तिचे फोटो बघा: मागचे केस नीट बांधलेले आणि कपाळावर दाट, बारीक कुरळी फ्रिंज. हजारो बायकांना तशीच हवी होती. त्या काळात अडचण कोणाची होती? सरळ केसांच्या बायकांची! त्या तापवलेल्या चिमट्यांनी केस वळवायच्या. ज्यांना जमायचं नाही त्या तयार कुरळी फ्रिंज विकत आणून पिनांनी कपाळावर बसवायच्या. पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो यानं गरम चिमट्यानं लाटा पाडण्याची पद्धत १८७० च्या दशकात रूढ केली आणि नाव कमावलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेस्लर या जर्मन केशकारानं कायमच्या लाटांचं, म्हणजे आजच्या पर्मचं, जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. तापलेल्या पितळी नळ्या, झोंबणारी रसायनं आणि कित्येक तास खुर्चीत. एवढा खटाटोप कशासाठी, तर आत्याच्या डोक्यावर जे फुकट उगवत होतं त्यासाठी.

आणखी मागे, रोममध्ये. पहिल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या उच्चकुलीन स्त्रियांच्या संगमरवरी अर्धपुतळ्यांवर कपाळाच्या वर कुरळ्या बटांची कमानच उभी दिसते, मधमाशांच्या पोळ्यासारखी. शिल्पकारांनी त्या बटांमध्ये ड्रिलनं एकेक भोक पाडलंय.

आणि आता घरी या. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली मुलं तो पाठ करायची. त्यात केसांसाठी शब्दांची रांग आहे. कुरळ्या बटांना 'अलक' हा शब्द आहेच. पण त्या बटा कपाळावर आल्या तर त्यांना वेगळं नाव आहे: 'भ्रमरक'. भ्रमर म्हणजे भुंगा. कमळाभोवती भुंगे जमावेत तशा चेहऱ्याभोवती बटा. विचार करा, कपाळावरच्या कुरळ्या केसांना स्वतंत्र नाव लागावं इतकी ती गोष्ट नेहमीची होती.

शब्दावर विश्वास नसेल तर अजिंठ्याला जा. पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या काळातल्या त्या लेण्यांमधली चित्रं जवळून बघा. कितीतरी स्त्रियांच्या कपाळाच्या कडेला छोट्या छोट्या गोल बटा रेखलेल्या आहेत. चित्रकारानं त्या सरळ केल्या नाहीत, लपवल्या नाहीत. उलट एकेक बट निगुतीनं काढलीय.

मराठीतही 'बट' आहे, 'झुलपं' आहेत. कपाळावर रुळणाऱ्या केसांचं कौतुक आपल्या भाषेला नवीन नाही. नवीन आहे ती पट्टीनं आखलेली रेषा.

ती रेषा रूढ झाली विसाव्या शतकात. १९२० च्या दशकात बॉब आला आणि लुईस ब्रुक्ससारख्या नटीची काळी, चकचकीत, सरळ फ्रिंज मूक सिनेमातून जगभर गेली. १९६० च्या दशकात लंडनमध्ये व्हिडाल ससूननं केस भूमितीसारखे कापायला सुरुवात केली. कोन, कडा, रेषा. नेमक्या त्याच दशकात आपल्याकडे साधना कट होता. सिनेमा, मासिकं, जाहिराती यांनी मिळून फ्रिंज म्हणजे सरळ फ्रिंज हे समीकरण पक्कं केलं. नंतर पार्लरमध्ये रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग आलं आणि कुरळ्या केसांच्या मुलीला उत्तर मिळालं: "आधी केस सरळ करून घ्या, मग फ्रिंज मस्त बसेल."

हे उत्तर मलाही मिळालंय, एका पार्लरमध्ये, चांगल्या पाच आकडी किमतीसह. माझा खरा निर्णय इथे होता. फ्रिंज घ्यायची की नाही हा छोटा प्रश्न. फ्रिंजसाठी केस बदलायचे का हा मोठा.

यात हिशेब असा. रिबॉन्डिंगमध्ये ते पक्के डायसल्फाइड बंध तोडून केस सरळ ताणून पुन्हा जोडतात. पर्मचीच युक्ती, दिशा उलटी. पण हे फक्त बाहेर आलेल्या केसाला लागू. केसपूट तसंच राहतं, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लांब केसात मुळाजवळचे तीन सेंटिमीटर कुरळे झाले तर पटकन कळत नाही. आठ सेंटिमीटरच्या फ्रिंजमध्ये तीन महिन्यांत मुळाशी तीन सेंटिमीटर कुरळे आणि टोकाला पाच सरळ! म्हणजे डोक्यावरचा सगळ्यात आधी बिघडणारा भाग आपण नेमका कपाळावर, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवतो. शिवाय काही केराटिन ट्रीटमेंटमध्ये गरम इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते आहे. आणि फ्रिंज असते कुठे, तर डोळ्यांच्या आणि नाकाच्या अगदी समोर.

मग रोज ड्रायरनं फ्रिंज तेवढी सरळ करायची? ड्रायर फक्त हायड्रोजन बंध हलवतो. जुलैत ठाण्याहून दादरला पोचेपर्यंत हवेतलं पाणी ते बंध सोडवून टाकतं. कुरळेपणा ऑफिसच्या आधी हजर.

तिसरा रस्ता आहे, आणि तो अलेक्झांड्राच्या फोटोत आणि अजिंठ्याच्या भिंतीवर दिसतोच: फ्रिंज कुरळीच ठेवा. आधुनिक केशकारही तिकडे वळलेत. लोरेन मॅसीचं 'कर्ली गर्ल' हे पुस्तक २००१ मध्ये आलं, आणि केस वाळलेले असताना, त्यांच्या नैसर्गिक वळणात, एकेक बट बघून कापायची पद्धत त्यानंतर घराघरांत पोचली.

तुम्ही ठरवत असाल तर माझी यादी घ्या.

एक, आखडण्याचा आकडा मोजा, कपाळाजवळच्याच बटेचा. वाळलेली बट नाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर कापायला जागा आहे. भुवईवरच थांबत असेल तर आणखी वाढू द्या.

दोन, केसांच्या रेषेवर भोवरा आहे का बघा. भोवरा असेल तर तिथले केस ठरलेल्या दिशेलाच जातात. मधोमध फ्रिंजऐवजी त्याच दिशेला झुकणारी घ्या.

तीन, कापणाऱ्या व्यक्तीला आधीच विचारा: "तुम्ही वाळलेले केस कापता का?" नाही म्हणाली तर नमस्कार करून निघा. पहिल्या वेळी लांबच ठेवायला सांगा, नंतर आणखी कापता येतं.

चार, फ्रिंजला रोज सकाळी पाच मिनिटं लागतील. हात ओला करून बटा पुन्हा वळवायच्या आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे जमणार नसेल तर राहू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

पाच, नाही आवडली तर सहा-सात सेंटिमीटर वाढायला अर्धं वर्ष जातं. घरातलं लग्न दोन महिन्यांवर असेल तर आत्ता प्रयोग नको.

माझं उत्तर? फ्रिंज हो, स्मूदनिंग नाही. आखडून भुवईच्या खाली थांबेल इतकी लांब, वाळलेल्या केसांवर कापलेली, आणि तिच्यात रेषा शोधायची नाही. 'शोभते का' हा प्रश्न साधनाचा फोटो समोर ठेवून विचारला तर उत्तर नेहमी 'जवळजवळ' येईल. भ्रमरक समोर ठेवून विचारलं तर वेगळं येईल.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या घरातल्या आत्या, मावशी, आजी यांना विचारा, साधना कट केला होता का आणि केस वाळल्यावर काय झालं. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत कात्री जपून!