पहिला उपक्रम : सार्वजनिक मुतारी

जुलै महिना लागला की आपल्याकडे चौकात दोन तऱ्हेचे फ्लेक्स लागतात. एक आषाढीच्या शुभेच्छांचे, दुसरे रोटरी-लायन्सच्या पदग्रहणाचे. मावळते अध्यक्ष सुटात, नवे अध्यक्ष सुटात, गळ्यात तो चकचकीत पट्टा. सोबत गेल्या वर्षाच्या कामांची यादी : रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, वह्यावाटप, नेत्रतपासणी, झेडपीच्या शाळेला वॉटर फिल्टर. आणि अशा प्रत्येक पोस्टखाली कुणीतरी हमखास विचारतंच, "पण यांचा गावाला नक्की उपयोग काय हो?"

प्रश्न खोचक आहे, पण चुकीचा नाही. त्याचं उत्तर 'काहीच नाही' असंही नाही आणि 'फार मोठं कार्य' असंही नाही. ते नीट कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. म्हणून पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

२३ फेब्रुवारी १९०५. शिकागो. पॉल हॅरिस नावाचा वकील, व्हरमाँट राज्यातल्या लहान गावात वाढलेला. एवढ्या मोठ्या शहरात ओळखीपाळखीचं कुणी नाही, म्हणून एकटा पडलेला. त्या संध्याकाळी चौघं जण जमले : हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. पुढची बैठक दुसऱ्याच्या ऑफिसात, त्यापुढची तिसऱ्याच्या. बैठकीची जागा अशी फिरती, म्हणून नाव 'रोटरी'.

यात सेवेचा पत्ताच नव्हता. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा आणि एकमेकांना कामं मिळवून द्यायची, असा साधा हिशेब. कुणी कुणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवायला सुरुवातीला एक वेगळा पदाधिकारीच होता! आपल्या भाषेत बोलायचं तर ही एक भिशी होती, फक्त पैशांऐवजी गिऱ्हाइकं फिरवायची. आजही "क्लबात सगळे धंद्यासाठीच जातात" असं कुणी म्हणालं तर रोटरीवाल्यांनी फार मनाला लावून घेऊ नये. मूळ तसंच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता गंमत बघा. त्याच १९०५ सालात, १२ जूनला, आपल्या पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 'भारत सेवक समाज' काढला. गोखले, द्रविड, देवधर, पटवर्धन असे इथेही सुरुवातीला चौघंच. पण इथं प्रवेशाची अट उलटी होती. शपथ घ्यायची, स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, पोटापुरत्या मानधनावर आयुष्य देशकार्याला द्यायचं. पुढं याच समाजातून ना. म. जोशी मुंबईच्या गिरणगावात गेले आणि १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग उभी केली. ठक्करबाप्पा इथलेच. देवधरांनी रमाबाई रानड्यांसोबत पुण्याचं सेवासदन वाढवलं.

त्याच्याही मागं गेलात तर १८७६-७७ चा दुष्काळ आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धारेवर धरलं. जोतीरावांनी आणि सत्यशोधक मंडळींनी दुष्काळातल्या पोरांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करताच सावित्रीबाई गेल्या. तेव्हा सेवा ही काही आपल्याकडं विलायतेहून बोटीनं आली नाही. बोटीनं आला तो 'क्लब' : आठवड्याची बैठक, वर्गणी, जेवण, घंटा, आणि दर वर्षी बदलणारा अध्यक्ष.

या शेवटच्या गोष्टीला महत्त्व आहे, पुढं सांगतो.

आधी शिकागोचं पुरं करू. धंद्याची देवाणघेवाण दोन-तीन वर्षं चालली आणि हॅरिसला वाटायला लागलं की एवढ्यावर क्लब टिकायचा नाही. १९०७ मध्ये क्लबानं पहिलं सार्वजनिक काम हातात घेतलं. काय असेल? अनाथाश्रम? वाचनालय? नाही. सार्वजनिक शौचालय. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत रस्त्यावरच्या माणसाला जायला जागा नव्हती.

विरोध कुणी केला तेही ऐकण्यासारखं आहे. बिअर उत्पादकांची संघटना म्हणाली, गरज काय? शहरात सहा हजार दारूचे गुत्ते आहेत, पुरुषांची सोय तिथं होते. स्टेट स्ट्रीटवरचे मोठे दुकानदार म्हणाले, बायकांची सोय आमच्याकडं आहे की! आता गुत्त्यात शिरलं की एक ग्लास घ्यावाच लागतो आणि दुकानात शिरलं की काहीतरी खरेदी होतेच. ही 'मोफत' सोय कुणाला फुकट सोडायची होती?

क्लबानं स्वतः वर्गणी काढून एक खोली बांधली असती तर महिन्याभरात फोटो निघाला असता. त्यांनी तसं केलं नाही. शहरातल्या इतर संस्थांना एकत्र बोलावलं, समिती केली आणि नगर प्रशासनाच्या मागं लागले. दोन वर्षं गेली. १९०९ मध्ये सिटी हॉलजवळ ते शौचालय उघडलं. जगभर पसरलेल्या या सगळ्या सेवा-क्लबांच्या पसाऱ्याचं मूळ काम हे आहे, मुतारी. पदग्रहणाच्या भाषणांत हे मी तरी अजून ऐकलेलं नाही.

भारतात रोटरी आली ती कलकत्त्याला, १९१९-२० च्या सुमारास, आणि अर्थातच साहेबांच्या कंपन्यांतून. तरी ऑगस्ट १९२५ मध्ये याच कलकत्ता क्लबात गांधीजी जाऊन चरख्यावर बोलून आले, म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. मुंबईचा क्लब १९२९ चा, पुण्याचा १९३६ चा. लायन्स त्यामानानं उशिरा, १९५६ मध्ये मुंबईत. पुढं हे लोण तालुक्याच्या गावी पोचलं. डॉक्टर, वकील, कापड दुकानदार, साखर कारखान्याचे अधिकारी, बँकेचे मॅनेजर असा तो ठरलेला मेळ.

बायका मात्र बाहेरच. त्यांच्यासाठी 'इनर व्हील', म्हणजे मूळ कल्पनेप्रमाणे सदस्यांच्या पत्नींचा क्लब. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबानं १९७७ मध्ये तीन बायकांना सदस्य करून घेतलं, तर वरून त्यांची सनदच काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूनं लागला आणि १९८९ मध्ये रोटरीनं नियम बदलला. 'सेवा स्वार्थापलीकडे' म्हणणाऱ्यांना इतकी साधी गोष्ट कळायला ८४ वर्षं लागली.

आता कामांकडे. लायन्सचं डोळ्यांशी नातं १९२५ चं आहे. हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात येऊन अंधत्वाचं काम हातात घ्या असं आवाहन केलं, ते त्यांनी मनावर घेतलं. आपल्याकडं त्याचं रूप म्हणजे मोतिबिंदूची शिबिरं. पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल : शाळेच्या वर्गात किंवा मांडवात ओळीनं खाटा, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना हिरव्या पट्ट्या. त्या काळात डोळ्यातलं खराब झालेलं भिंग काढून टाकायचे, आत नवं बसवायची सोय शिबिरात नसायची. मग आयुष्यभर तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. चष्मा फुटला की आजोबा पुन्हा आंधळे. नव्वदच्या दशकात डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवणं वाढलं आणि मांडवातली ऑपरेशनं मागं पडली. आता शिबिरात फक्त तपासणी, आणि ऑपरेशन गाडीनं दवाखान्यात नेऊन. क्लबाचं काम कमी दिसतं : माणसं गोळा करायची, गाडी द्यायची, परत आणून सोडायची. पण खेड्यातल्या एकट्या म्हातारीचं अडतं ते नेमकं त्या गाडीपाशीच.

आणि पोलिओ. रोटरीबद्दल कितीही वाकडं बोला, इथं हात जोडावे लागतात.

सुरुवात १९७९ मध्ये फिलिपिन्समधून झाली. १९८५ मध्ये रोटरीनं जगभरासाठी मोहीम जाहीर केली. १२ कोटी डॉलर जमवायचं ठरवलं, १९८८ पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत पोलिओ संपवायचा ठराव झाला. तेव्हा १२५ देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख पोरं या रोगानं लुळी होत होती.

भारतात पहिला देशव्यापी पल्स पोलिओ रविवार ९ डिसेंबर १९९५ चा... चुकू नका, तो शनिवार होता, रविवार नंतर रूढ झाला. एकाच दिवशी सगळ्यांना का? कारण सगळ्या पोरांच्या आतड्यात एकाच वेळी लस गेली की विषाणूला राहायला जागाच उरत नाही. बूथ, निळा डबा, आत बर्फाच्या लाद्या, डाव्या करंगळीला शाई. मग घरोघर फेरी. दारावर खडूनं 'पी' लिहिलं की या घरातली पोरं झाली, 'एक्स' लिहिलं की परत यायचं. लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, उष्णता लागली की काळा पडतो. तो काळा तर बाटली बाद. एका फेरीत सुमारे १७ कोटी पोरं आणि डोस पाजणारे २० लाखांवर हात.

हे हात कुणाचे? मुख्यतः अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, शिक्षक. पैसाही भारतातला बराचसा सरकारचाच. क्लबवाले काय करत होते? बूथवर मांडव, रिक्षावर भोंगा, गाड्या, सेविकांना चहा-नाश्ता, बॅनर, टोप्या. ऐकायला किरकोळ. पण उत्तर प्रदेशात "या थेंबांनी पोरं पुढं वांझ होतात" अशी अफवा उठली आणि दारं बंद झाली, तेव्हा रोटरीनं मौलवींची समिती उभी केली. ती माणसं घरोघर जाऊन बोलली. सरकारी कर्मचाऱ्याला न उघडणारं दार त्यांना उघडलं. हे काम कुठल्याच बजेटात नव्हतं.

२००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण. २०१० मध्ये, नवी लस आली त्या वर्षी, ४२. त्यातले पाच आपल्या महाराष्ट्रातले, हे आपण विसरलो. १३ जानेवारी २०११ ला हावड्याची एक दोन वर्षांची मुलगी, शेवटची. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र.

१९८५ ते २०१४. म्हणजे २९ अध्यक्ष बदलले, काम बदललं नाही. वर म्हटलं होतं ना, दरवर्षी बदलणारा अध्यक्ष महत्त्वाचा, ते यासाठी. आपल्या गावातल्या क्लबांचा घोळ इथंच आहे. नव्या अध्यक्षाला नवं, स्वतःचं काम हवं. गेल्या वर्षीच्या फिल्टरची कॅन्डल बदलणं हा 'उपक्रम' होत नाही, नवा फिल्टर होतो. मागच्या झाडांना उन्हाळ्यात टँकर घालण्याचा फोटो कोण छापणार? त्यामुळं खड्डे तेच, रोपं नवी.

शिकागोनं जे १९०७ मध्ये उचललं ते आपल्या बाजारपेठेत अजून बाकी आहे. आठवडी बाजाराला भाजी घेऊन पहाटे येणाऱ्या बाईला विचारा, ती दिवसभर पाणी का पीत नाही. एसटी स्टँडवर पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे आपण कितीदा पाहिलंय. मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून यावर चळवळच चालवली. नगरपरिषदेला अर्थसंकल्पात पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. आपल्याकडं ते कशावर जातात हे क्लबातल्या एखाद्या वकिलानं किंवा सीएनं माहितीच्या अधिकारात विचारलं तर त्याला खर्च दहा रुपये आहे.

क्लबानं शौचालय बांधून द्यावं असं मी म्हणत नाही. बांधलेली बंद पडलेली आहेतच. नळाला पाणी, आत कडी, दिवा, आणि झाडणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार हे नगरपरिषदेकडून दरवर्षी वसूल करणं, हे काम. दोन वर्षं लागतील, मधे एक अध्यक्ष बदलेल.

यंदाच्या दोन्ही नव्या अध्यक्षांना मी भेटणार आहे. त्याआधी एवढं करा : आपल्या गावात बायकांसाठीचं कुठलं सार्वजनिक शौचालय चालू आहे, किती वाजता उघडतं, पाणी असतं का, पैसे किती घेतात, ते खाली लिहा. बंद असेल तर कुलूप कधीपासून आहे तेही. बायकांनीच लिहिलं तर जास्त बरं, आम्हा पुरुषांना यातलं काही ठाऊक नसतं. यादी झाली की छापून दोघांच्या हातात देतो, तिसरी प्रत मुख्याधिकाऱ्यांना.